७५ टक्के माफी की ‘नॅशनल’चं नाव : माझ्या लॉच्या ॲडमिशनची हकिगत

७ डिसेंबर २०२५ ला पुढच्या बॅचचं क्लॅट (नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी म्हणजे एनएलयूंमध्ये प्रवेश मिळवायची परीक्षा) झालं आणि तेव्हापासून आमच्या बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातल्या पोरापोरींचे मेसेज येतायत. अक्का, तुला एनएलयू मिळत होतं म्हणे, मग सोडलीस का? स्कॉलरशिप खरंच देतात का? कर्ज कोण देतं? प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवून घसा बसायची वेळ आली, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. लांब आहे, पण आकडे आणि तारखा घातल्यात, ज्याला जे लागेल ते उचला.

आधी घरचं सांगते, कारण त्याशिवाय हिशोब कळणार नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, कोर्टाच्या आवारात टायपिंग करतात. भाडेकरार, अ‍ॅफिडेव्हिट, अर्ज, खरेदीखत, जे येईल ते, कन्नड आणि इंग्लिश दोन्ही. आई साड्यांना फॉल-पिको करते, वडगावात साड्यांना काय तोटा. भाऊ नववीला. मी सातवीपर्यंत मराठी मीडियम, नंतर इंग्लिश, आणि पीयूला (म्हणजे अकरावी-बारावीला) कॉमर्स. घरात वकील कुणी नाही पण वकिलांच्या गप्पा मात्र रोज जेवणाच्या ताटावर, त्यामुळे लॉ करायचं हे माझं आठवी-नववीतच ठरलेलं.

क्लॅटच्या तयारीबद्दल फार लिहीत नाही, त्यावर ढीगभर व्हिडिओ आहेत. दोन तास, १२० प्रश्न, चुकलं की पाव मार्क कट, आणि सगळा पेपर इंग्लिश उताऱ्यांवर. फॉर्मची फी जनरलला ४,००० रुपये. मराठी मीडियमवाल्यांना एवढंच सांगेन की यात कायदा कमी आणि वाचनाचा वेग जास्त तपासतात, म्हणून वर्षभर इंग्लिश पेपरचं संपादकीय घड्याळ लावून वाचा. कोचिंग मी ऑनलाइन स्वस्तातलं घेतलं होतं.

पेपर १ डिसेंबर २०२४ ला झाला आणि ७ तारखेला निकाल. रँक तीन हजारांच्या थोडा पलीकडे. घरात आनंद झाला पण या रँकला नेमकं काय मिळतं हे कुणालाच माहीत नव्हतं. आत्याचा फोन आला, बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये कर्नाटकातल्या मुलांना राखीव जागा आहेत, तुझं झालंच की! आहेत खऱ्या, २५ टक्के, आणि अट कर्नाटकात किमान दहा वर्षं शिकल्याची आहे, मीडियम कुठलं ते विचारत नाहीत, म्हणजे आपल्या मराठी शाळेची वर्षंही त्यात धरली जातात. सीमाभागातल्या खूप जणांना हे माहीत नसतं. पण कोटा असला तरी तिथं लागणारा रँक माझ्यापेक्षा खूप वरचा होता. माझ्या रँकला जुन्या, नावाजलेल्या एनएलयू नाहीत, नव्या आणि लांबच्या राज्यातल्या मिळतात असं आधीच्या वर्षीच्या याद्या बघून कळलं. त्या याद्या प्रत्येक राउंडच्या वेगळ्या असतात, पहिली आणि शेवटची दोन्ही बघायच्या.

काउन्सेलिंगला नाव नोंदवायचे ३०,००० रुपये. हे आम्हाला अपेक्षितच नव्हतं. आईची सोसायटीतली आरडी मोडली आणि डिसेंबरातच भरले. महिनाअखेरीस पहिली यादी लागणार, जानेवारीत सगळं मिटणार, असा हिशोब.

मिटलं काय, तिथूनच सुरू झालं. परीक्षा घेणाऱ्यांनी जाहीर केलेल्या उत्तरसूचीतल्या काही उत्तरांवरून केस झाली, २० डिसेंबरला दिल्ली हायकोर्टाने दोन प्रश्नांच्या बाबतीत निकाल सुधारायला सांगितलं, त्यावर अपील, वेगवेगळ्या हायकोर्टांत वेगवेगळ्या याचिका, ६ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने त्या सगळ्या दिल्ली हायकोर्टाकडे एकत्र पाठवल्या. वकील व्हायचंय आणि ॲडमिशनच कोर्टात अडकलीय, यावर अण्णांच्या टेबलाभोवतीचे वकील मनसोक्त हसले. मला हसू येत नव्हतं. यादी कधी लागणार ते कुणी सांगू शकत नव्हतं आणि तिकडे मार्चमध्ये पीयूची परीक्षा.

याच काळात दुसरी गोष्ट घडत होती. हाताशी असावं म्हणून पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या लॉची परीक्षा दिली होती. (नाव लिहीत नाही, विचारूही नका, कारण अशा अटी बऱ्याच ठिकाणी असतात आणि मला कुणा एकावर बोट ठेवायचं नाही.) जानेवारीत ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला मेल, अभिनंदन, तुम्हाला ट्यूशन फीमध्ये ७५ टक्के मेरिट स्कॉलरशिप! आईने शेजारी कुंदा वाटला. सीट पक्की करायला पंधरा दिवसांत ५०,००० भरायचे होते.

पत्र दोन पानी. पहिल्या पानावर माझं नाव, सोनेरी बॉर्डर, कुलगुरूंची सही. अण्णा रात्री आले, पहिलं पान त्यांनी नुसतं उलटलं आणि सरळ दुसऱ्या पानावर गेले. आयुष्यभर लोकांचे करार टाइप केलेत, त्यांना माहीत असतं गोम कुठं असते ते. चष्मा कपाळावर ढकलून पान डोळ्याजवळ धरलं आणि पेनाने एका ओळीखाली रेघ मारली. ‘माफीची रक्कम प्रवेशाच्या वर्षीच्या शुल्कावर निश्चित राहील’ अशा अर्थाचं इंग्लिश वाक्य होतं. मला म्हणाले, “हे काय म्हणूलेत कळलं काय? टक्के नाहीत हे, रुपये आहेत.”

म्हणजे असं. पहिल्या वर्षी ट्यूशन ३ लाख, त्याचे ७५ टक्के म्हणजे सव्वादोन लाख माफ, आपण भरायचे ७५,०००. मी पाचने गुणून पावणेचार लाख धरले होते. पण फी दर वर्षी वाढते, माहितीपत्रकातच ६ टक्क्यांपर्यंत वाढू शकते असं छापलेलं होतं, आणि माफी मात्र सव्वादोन लाखांवरच थांबलेली. मग दुसऱ्या वर्षी आपण भरायचे ९३,०००, तिसऱ्या वर्षी १ लाख १२ हजार, चौथ्याला १ लाख ३२ हजार आणि पाचव्याला दीड लाखाच्या वर. बेरीज साडेपाच लाखांच्याही पुढे जाते, ५ लाख ६६ हजार. मी धरलेल्यापेक्षा जवळजवळ दोन लाख जास्त. वर हॉस्टेल-मेस वर्षाला १ लाख २० हजार, त्यात माफी नाही, म्हणजे आणखी ६ लाख. एकूण साडेअकरा-पावणेबारा. ‘७५ टक्के माफ’ म्हटल्यावर डोक्यात जो आकडा येतो तो आणि हा, यांचा काही संबंध नाही.

बाकीच्या अटी म्हणजे दर वर्षी सीजीपीए (दहापैकी सरासरी ग्रेड) ७.५ च्या खाली जायचा नाही आणि बॅकलॉग राहायचा नाही. गेला तर काय, ते पत्रात नव्हतंच.

अण्णांनी सांगितलं, तोंडी काही विचारू नकोस, मेल कर. मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मुदत वाढवून मागितली. पीयूचा निकाल यायचाय आणि क्लॅटचं प्रकरण कोर्टात आहे, एवढं साधं सरळ लिहिलं. मला वाटलं नाहीच म्हणतील, पण १०,००० भरून एप्रिलअखेरपर्यंत थांबायची परवानगी मिळाली. नंतर मे उजाडला तेव्हा परत एकदा मागितली तीही मिळाली. त्यांनाही चांगल्या मार्कांची मुलं हवी असतात हो, विचारायला लाजू नका. दुसरं म्हणजे प्रश्न पाठवले. माफी गेली तर कायमची की पुढच्या वर्षी परत मिळवता येते? ग्रेडिंग नुसत्या मार्कांवर की वर्गातल्या इतरांच्या तुलनेत? आणि आधीच्या बॅचमध्ये किती जणांची टिकली? पहिल्याचं उत्तर चांगलं आलं, ज्या वर्षी घसरला त्या वर्षाची जाते, पुढच्या वर्षी परत ७.५ गाठलं तर परत सुरू. हे मेलवर लेखी मिळालं ते मी प्रिंट काढून ठेवलंय. दुसऱ्याचं उत्तर गोलमाल. तिसऱ्याचं आलंच नाही.

मग इन्स्टाग्रामवर शोधून तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या एका सीनियरला गाठलं, साताऱ्याकडचा मुलगा. त्याने सांगितलं, ग्रेड तुलनेतच लागतात, सगळ्या वर्गाला ८० पडले तर तुझे ८० काही कामाचे नाहीत, आणि त्याच्या ओळखीत ज्यांना मिळाली होती त्यातल्या साधारण निम्म्यांचीच पुढे चालू राहिली. ज्यांची गेली ते काही ढ नव्हते, एकजण डेंग्यूने आजारी होता, एकीने मूट कोर्टच्या (म्हणजे सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धेच्या) नादात पेपर घालवला. स्कॉलरशिपच्या कुठल्याही पत्रापेक्षा मला हा फोन जास्त उपयोगी पडला. ऑफिसने दिलेल्या ‘स्टुडंट अँबॅसिडर’शी बोलू नका, स्वतः शोधून बोला.

फी परत मिळण्याबद्दलही इथंच सांगून टाकते. यूजीसीचा नियम आहे, ॲडमिशनच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत (प्रोसेसिंगचे जास्तीत जास्त ५,००० कापू शकतात), ती तारीख १५ दिवसांच्या आत आल्यावर रद्द केलं तर ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत ८०, त्यापुढे महिन्यापर्यंत ५०, नंतर शून्य. म्हणून पैसे भरायच्या आधी ‘तुमची जाहीर शेवटची तारीख कोणती’ हे लेखी घ्यायचं.

मार्च पीयूच्या परीक्षेत गेला. ८ एप्रिलला निकाल, मार्क चांगले पडले. २३ एप्रिलला दिल्ली हायकोर्टाचा निकाल आला, परत यादी सुधारा म्हणून, ३० एप्रिलला त्याला सुप्रीम कोर्टाची स्थगिती, आणि शेवटी ७ मे ला सुप्रीम कोर्टाने प्रश्नागणिक काय करायचं ते सांगून विषय संपवला. अण्णांनी ती ऑर्डर डाउनलोड करून अख्खी वाचली, मला म्हणाले, बघ, मुद्द्याचं कसं लिहितात. मेच्या मध्यात सुधारित निकाल लागला. माझा रँक शे-दोनशेने पुढे आला आणि थोड्याच दिवसांत पहिल्या यादीत पूर्वेकडच्या एका राज्यातली नवी एनएलयू लागली.

आता खरा पेच. एनएलयूचा खर्च राहणं-खाणं धरून वर्षाला २ लाख ९० हजार, पाच वर्षांचे साडेचौदा लाख, फीवाढ आणि दोन दिवसांचा रेल्वे प्रवास धरला तर साडेपंधरा. स्कॉलरशिपवालं, माफी टिकली तर पावणेबारा. माफी दुसऱ्या वर्षानंतर पूर्णच गेली तर आणखी पावणेसात लाख, म्हणजे साडेअठराच्या घरात, एनएलयूपेक्षाही महाग! म्हणजे स्वस्त पर्याय कुठला हे माझ्या मार्कांवर ठरणार होतं, आणि ते मार्क अजून पडायचे होते.

तिसरा पर्याय गावातच, टिळकवाडीतलं आरएल लॉ कॉलेज. १९३९ पासूनचं, अण्णांच्या ओळखीतले बहुतेक वकील तिथलेच, फी या दोन्हींच्या मानाने किरकोळ आणि जेवण आईच्या हातचं. त्याला मी कमी लेखत नाही. पण मला एकदा तरी घर सोडून राहायचं होतं, याला काही मोठं कारण नाही, होतं एवढंच. काही जण विचारतील पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजचं काय केलंस. एमएच-सीईटी लॉ, म्हणजे महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा, दिली होती एप्रिलअखेर, पण महाराष्ट्राबाहेरच्यांना जागा मोजक्या आणि कॅप राउंड (सरकारच्या प्रवेशफेऱ्या) खूप उशिरा, तेवढं थांबायची माझी हिंमत नव्हती. (इंजिनिअरिंगवाल्यांसाठी जाता जाता, महाराष्ट्राच्या कॅपमध्ये आपल्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी ‘टाइप ई’ असा वेगळा प्रकार आहे, सीमाभागातलं असल्याचं आणि मातृभाषा मराठी असल्याचं अशी दोन प्रमाणपत्रं लागतात. ती परीक्षेच्या आधीच करून ठेवा.)

सल्ले तर इतके मिळाले की विचारू नका. कोर्टातले एक वकीलसाहेब म्हणाले, “नॅशनल ते नॅशनलच, डोळे झाकून जा.” दुसरे म्हणाले जुन्या पाच-सहा सोडल्या तर बाकीच्यांना नुसता बोर्ड आहे. दोघांचंही पूर्ण पटलं नाही. नव्या असल्या तरी तिथं देशभरातली मुलं भेटतात, इंटर्नशिपच्या अर्जावर एनएलयू दिसलं की निदान उघडून तरी बघतात, हे मला दोन-तीन सीनियर मुलींनी स्वतःच्या अनुभवावरून सांगितलं आणि मी ते खोटं मानत नाही.

तिसरे एक वयस्कर वकील आहेत, अण्णा त्यांचं टायपिंग पंचवीस वर्षं करतात. त्यांनी सल्ला दिलाच नाही, उलट विचारलं, “शिकून बसणार कुठं तू? मुंबईला फर्ममध्ये, का हितं?” मी म्हटलं इथंच, नाहीतर धारवाडला, हायकोर्टाचं खंडपीठ आहे की. मग त्यांनी कपाटातून एका चालू केसची फाईल काढून दाखवली. जमिनीचा वाद, आजोबांच्या काळापासूनचा. आपला भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने कागद मराठीत, त्यातही आणखी मागचे मोडीत, नंतरचे उतारे कन्नडमध्ये, आणि हायकोर्टाचं सगळं इंग्लिश. पक्षकार बोलतो बेळगावी मराठी. म्हणाले, हे वाचता येणारी माणसं कमी होत चाललीत, हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत, ते इथं येऊनच शिकायचं, आणि पहिली तीन-चार वर्षं ज्युनिअरला हातात काय पडतं ते अण्णांना विचार.

अण्णांना माहीतच होतं. चहापाणी आणि पेट्रोल निघेल एवढं.

तिथून मी हिशोब उलट्या बाजूने करायला लागले. आमच्याकडून पाच वर्षांत सगळं मिळून ६ लाख निघतील, बाकीचं कर्ज. एनएलयू घेतलं तर साडेनऊ लाख कर्ज. बँकेत गेलो. मॅनेजर बाई चांगल्या होत्या, नीट बसवून सांगितलं. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्याच्या वर घर किंवा ठेव तारण. पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या कर्जयोजनेत तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत पण ती सरकारने ठरवलेल्या यादीतल्या संस्थांनाच, आणि मला मिळालेली एनएलयू तेव्हा त्या यादीत नव्हती. दुसरं म्हणजे घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाची वर्षं आणि पुढचं एक वर्ष एवढ्या काळाचं व्याज केंद्र सरकार भरतं, पण त्यासाठी कॉलेज नॅक मानांकनवालं लागतं. गंमत बघा, पुण्याच्या त्या कमी नावाच्या विद्यापीठाला नॅक होतं, नव्या एनएलयूचं अजून व्हायचं होतं. नावाच्या मागे धावताना हे कोण बघतो?

१० टक्के व्याज, दहा वर्षं फेड धरून काढलं. एनएलयूच्या कर्जावर शिकत असतानाचं व्याज चढून तेरा लाखांच्या जवळ जातं, हप्ता महिन्याला १७,००० च्या आसपास. स्कॉलरशिपवाल्याचं साडेपाच लाख, वरचं व्याज सरकारचं, हप्ता सव्वासात हजार. बेळगाव कोर्टात ज्युनिअर म्हणून बसून १७,००० चा हप्ता भरणं शक्यच नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून मुंबई-बेंगळुरूची फर्म शोधायची, आणि नव्या एनएलयूतून तीही मिळेलच असं नाही. जिला कॉर्पोरेटमध्येच जायचंय तिने कदाचित एनएलयूच घ्यावं, तिथं नावाचा पैसा वसूल होईल. मला जे करायचं होतं त्यासाठी नाव कमी आणि हप्ता जास्त महत्त्वाचा होता.

यादी लागल्यावर फ्रीझ, फ्लोट नाहीतर एक्झिट यातलं एक निवडायचं असतं. फ्रीझ म्हणजे हीच सीट घेतली, फ्लोट म्हणजे ही राखून वरची बघतो, आणि दोन्हीला २०,००० कन्फर्मेशन फी, जी परत मिळत नाही. मुदत दोन-चार दिवसांची. (सुरुवातीचे ३०,००० कुठल्या टप्प्यावर परत मिळतात आणि कुठल्या टप्प्यावर कापतात ते त्या वर्षीच्या सूचनापत्रकात आधीच वाचून ठेवा, यादी लागल्यावर डोकं चालत नाही.) शेवटच्या रात्री आम्ही चौघं बसलो. आई एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच बोलली. “लोकांनी विचारल्यावर नॅशनल म्हणून सांगायला बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू,” म्हणाली. मग थोड्या वेळाने, “पण दोन दिवसांच्या रेल्वेवर पोरगी आजारी पडली तर मी काय करू.” भाऊ म्हणाला लवकर ठरवा, मला उद्या टेस्ट आहे. अण्णा काहीच बोलले नाहीत, लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी एक्झिट दाबलं. हलकं वगैरे काही वाटलं नाही, उलट पोटात गोळा आला आणि तो दोन आठवडे गेला नाही. रिझल्टच्या ग्रुपवर बाकीच्यांचे ‘एनएलयू २०३०’ असे बायो दिसायचे, तो ग्रुप म्यूट केला.

पुढे कागदपत्रांचा भाग, हा खास आपल्या भागातल्यांसाठी. महाराष्ट्रात ॲडमिशन घेताना आपले कागद कन्नडमध्ये असतात हे लक्षात ठेवा. माझी टीसी कन्नड, नाडकचेरीतून (आपल्याकडच्या महसूल कार्यालयातून) काढलेलं उत्पन्नाचं प्रमाणपत्र कन्नड, आणि पुण्याच्या ऑफिसला वाचता येईना. इंग्लिश भाषांतर करून नोटरी करून मागितलं. अण्णांनी स्वतःच टाइप केलं, त्यामुळे आमचा खर्च नोटरीच्या फीपुरता, बाहेर पानाला शंभर-दोनशे घेतात. उत्पन्नाच्या प्रमाणपत्रावर ‘आरडी’ने सुरू होणारा जो नंबर असतो तो भाषांतरातही आला पाहिजे, नाहीतर बँक ऑनलाइन तपासू शकत नाही. पीयू बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट वेगळं लागतं, निकाल लागला की लगेच अर्ज करा, नंतर गर्दी होते. कर्ज बेळगावच्याच शाखेतून घ्या, पुण्याची शाखा परत इकडे पाठवते.

आणि एक, केंद्र सरकारची बारावीच्या मार्कांवरची शिष्यवृत्ती असते, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, पहिली तीन वर्षं वर्षाला १२,००० आणि पुढे २०,०००. मी मार्कांत बसत होते, उत्पन्नातही बसत होते, पण दुसरी स्कॉलरशिप घेत असाल तर ती मिळत नाही. त्यामुळे विद्यापीठाच्या माफीतून मी मनातल्या मनात हे ७६,००० वजा केले. असली बारीक वजाबाकी कुणी सांगत नाही.

कर्ज जुलैत मंजूर झालं, ऑगस्टमध्ये क्लास सुरू झाले. मराठी ऐकू येतं, रात्रीच्या बसने सकाळी घरी, हे दोन फायदे मोठेच. पहिल्या सेमिस्टरला सीजीपीए ७.८ आला. ऐकायला बरा आहे, पण रेघ ७.५ वर, म्हणजे श्वास घ्यायला ०.३ एवढीच जागा. आमच्या बॅचमधली स्कॉलरशिपवाली मुलं लगेच ओळखू येतात, निकालाच्या दिवशी आम्ही मार्क नाही बघत, आधी एकमेकांचा सीजीपीए विचारतो. मूट कोर्टला नाव द्यायचं होतं, ते या वर्षी दिलं नाही, इंटर्नल मार्क सांभाळायचे म्हणून. एनएलयूत गेलेली माझी एक मैत्रीण मूटसाठी दिल्लीला जाऊन आली, तिचे फोटो बघताना वाईट वाटलं. ही किंमत पत्रात लिहिलेली नसते.

बँकेकडून लागणार होते साडेपाच लाख, पण मंजुरी साडेसातची घेऊन ठेवलीय. उचललं तेवढ्याचंच व्याज लागतं, आणि एखाद्या वर्षी माफी गेली तर ते एक वर्ष जवळपास त्यातून निघेल. मॅनेजर बाईंनीच सुचवलं होतं, नंतर मर्यादा वाढवायला गेलं की सगळी फाईल परत पहिल्यापासून. माझं पहिलं रिन्यूअल जुलैत आहे, दोन्ही सेमिस्टरची सरासरी बघतात. दुसऱ्या सेमिस्टरचे इंटर्नल पुढच्या महिन्यात सुरू होतायत, त्यामुळे मेसेजला उत्तर द्यायला उशीर झाला तर समजून घ्या.